विकतचं यीस्ट, घरचं आंबवण

पाव म्हटलं की आपल्या घराघरांत अजून दोन तट पडतात. मुलांना चहाबरोबर पाव हवा असतो. घरातल्या मोठ्या माणसांना मात्र ‘पोट बिघडवणारी वस्तू’ घरात आली असं वाटतं. मधल्यामध्ये सून. ती पाव आणतेही आणि पिशवीतून काढताना थोडी ओशाळतेही. आता यात तिसरा तट आला आहे, घरीच ब्रेड करणाऱ्यांचा. मोबाइलवर बघून, मैत्रिणीला विचारून बायका घरी ब्रेड करू लागल्या आहेत. हौसेने करतात, छान करतात. पण यीस्टच्या पाकिटापाशी आल्या की हात अडखळतो. ‘हे केमिकल तर नाही ना?’ ‘दारूत घालतात तेच का हे?’ ‘शाकाहारी आहे ना?’ बचत गटांच्या बैठकांत हे प्रश्न मी इतक्या वेळा ऐकले आहेत की आज त्यावरच लिहायचं ठरवलं.

आमच्या पाचाडला हा नुसता हौसेचा विषय राहिलेला नाही. रायगडच्या पायथ्याचं हे गाव, जिजाऊंच्या समाधीचं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यात रायगड आहे. येणारा पर्यटक पिठलं-भाकरी मागतो तसा सकाळी मिसळ-पाव, ऑम्लेट-पावही मागतो. पिठलं-भाकरी आमच्या हातची. पाव मात्र खालून, महाडहून यायचा. पंचवीसेक किलोमीटरवरून पाव येतो आणि तितक्याच वाटेने आपला पैसा परत जातो. हा पाव इथेच केला तर? हा प्रश्न निघाला की गाडी येऊन थांबते ती यीस्टवर. म्हणून आधी यीस्टची ओळख करून घेऊ.

यीस्ट ही सजीव वस्तू आहे. अळिंबीच्या कुळातली, एकाच पेशीची, डोळ्यांना न दिसणारी बुरशी. म्हणजे शाकाहारी आहे. शाळेच्या पुस्तकात तिला ‘किण्व’ म्हणतात. पिठातली साखर खाऊन ती एक वायू सोडते, कार्बन डायऑक्साइड, आणि थोडा अल्कोहोल तयार करते. वायूने कणीक फुगते. अल्कोहोल बराचसा भाजताना उडून जातो. दारू बनवतानाही हेच कुळ कामाला येतं हे खरं, पण त्यामुळे पाव काही दारू होत नाही.

सोडा आणि बेकिंग पावडर यांचा यीस्टशी संबंध नाही, हेही इथेच सांगते. तो रासायनिक फुगवटा. केक, नानकटाई, ढोकळा यांना तो चालतो. सोडा घालून केलेला पदार्थ लगेच फुगतो, पण सावकाश आंबवण्याने येणारा वास आणि चव त्याला येत नाही. ‘केमिकल’ म्हणून जी भीती आपण यीस्टची धरतो, ती खरं तर आपल्या डब्यातल्या सोड्याची धरायला हवी होती. पण तो ओळखीचा, म्हणून निर्धास्त.

आणि यीस्ट तरी कुठे अनोळखी आहे? कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजत घालतो, रोज पाणी बदलतो. तिसऱ्या दिवशी त्या गव्हाला जो आंबूस वास येतो, तो याच मंडळींचा. आंबोळीचं पीठ सकाळी भांड्याच्या काठाशी आलेलं असतं, ते यांच्यामुळे. अनारशाचे तांदूळ, नाचणीची आंबील, जिलेबीचं पीठ, सगळीकडे यीस्ट आणि आंबटपणा आणणारे जीवाणू मिळून काम करतात. गडाच्या वाटेवर ताक-दही घेऊन बसणाऱ्या आमच्या बाया रोज विरजण सांभाळतात. जिवंत वस्तू जपायची, तिला ऊब द्यायची, कालच्यातून आजच्यासाठी थोडं राखून ठेवायचं, ही विद्या त्यांना कोणी शिकवायला नको.

मग पावाचीच एवढी धास्ती का बसली? त्याला इतिहास आहे. ‘पाव’ हा शब्दच पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला. गोव्यात पोर्तुगीज आले तेव्हा त्यांना त्यांच्या देशातलं खमीर इथे मिळेना. त्यांनी माडी वापरली. माडाचा गोड रस झाडावरून उतरवल्यावर काही तासांतच आपोआप आंबू लागतो, कारण हवेतलं, झाडावरचं यीस्ट त्यात असतंच. ती माडी घालून मळलेलं पीठ रात्रभरात फुगायचं. गोव्याचा पोदेर पिढ्यान्‌पिढ्या असा पाव करत आला. त्याचे उंडे, कातऱ्याचे पाव, कोंड्याची पोळी आजही सकाळी सायकलवरून दारात येते. आता माड चढणारे रेंदेर कमी झाले आणि बहुतेक बेकऱ्यांत माडीची जागा विकतच्या यीस्टने घेतली, एवढाच फरक. वसईकडच्या ख्रिस्ती घरांत सणाला फुगे करतात, तेही मूळचे माडीचेच.

माडीचा पदार्थ, परधर्मीयाच्या हातचा, म्हणून पाव बाटवणारा ठरला. पोर्तुगीजांनी विहिरीत पाव टाकला आणि ते पाणी प्यालेलं अख्खं गाव बाटलं, ही गोष्ट उत्तर कोकणात जुनी माणसं सांगत आली आहेत. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमधल्या चहा-बिस्किटांवरून केवढा गहजब झाला! रानडे, टिळक यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताचा प्रश्न सुटला नाही. कोणाच्या हातचं खायचं, कोणी कुठलं पाणी प्यायचं, यावर माणसं तोडणारा आपला समाज. आमच्याच महाडला २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचं पाणी पिण्यासाठी डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. बाटण्याची ती भाषा आज कोणी उघड बोलत नाही. पण ‘पाव म्हणजे वाईट’ असं कारण न सांगता म्हटलं जातं, तेव्हा त्यात तिचा थोडा अंश उरला आहे असं मला वाटतं. मैद्याबद्दल तक्रार करा, ती रास्त आहे. यीस्टवर राग नको.

आता बाजारात काय मिळतं ते पाहू. विकतचं यीस्ट मुख्यतः तीन प्रकारचं.

पहिलं ओलं यीस्ट. साबणाच्या वडीसारखं, फिकट पिवळट, बोटाने चुरता येणारं. बेकरीवाले हेच जास्त वापरतात. त्यात जवळजवळ सत्तर टक्के पाणी असतं, म्हणून ते नाशवंत. फ्रिजमध्ये दोन-तीन आठवडे टिकतं. चांगलं असेल तर त्याला ताजा, किंचित गोडसर वास येतो. करडं पडलं, चिकट झालं की टाकून द्यावं. याचा पाव सुरेख होतो. पण ते कारखान्यापासून आपल्या घरापर्यंत सतत थंड राहायला हवं. आमच्याकडे पावसाळ्यात लाइट किती वेळ जाईल याचा नेम नाही. २२ जुलै २०२१ ला महाडची बाजारपेठच पुराखाली गेली होती. अशा भागात ओल्या यीस्टवर धंदा उभा करणं धोक्याचं.

दुसरं कोरडं दाणेदार यीस्ट. पाकिटावर ‘अ‍ॅक्टिव्ह ड्राय’ लिहिलेलं असतं. मोहरीपेक्षा बारीक, तपकिरी दाणे. यातलं यीस्ट झोपलेलं असतं. त्याला उठवावं लागतं. अर्धी वाटी कोमट पाण्यात अर्धा चमचा साखर आणि यीस्ट घालून दहा मिनिटं झाकून ठेवायचं. वर फेस आला तर जिवंत, नाही आला तर पीठ वाया घालवू नका. पाणी किती कोमट? बाळाचं दूध मनगटावर टाकून बघतो तितपत. पुष्कळदा यीस्ट ‘खराब निघालं’ असं आपण म्हणतो, तेव्हा ते गरम पाण्याने मेलेलं असतं. पन्नास-साठ अंश तापमानाला ते जगत नाही.

तिसरं ‘इन्स्टंट’ यीस्ट. दाणे आणखी बारीक, रव्यासारखे. हे थेट पिठात मिसळायचं. भिजवून उठवायची गरज नाही, प्रमाणही कमी लागतं. बंद पाकीट पुष्कळ महिने टिकतं. उघडल्यावर मात्र आमच्या कोकणातल्या दमट हवेत त्याचा जीव लवकर जातो. घट्ट झाकणाच्या बरणीत घालून फ्रिजरमध्ये ठेवावं, कोरड्या चमच्यानेच काढावं. मोठं पाकीट स्वस्त पडतं म्हणून एकटीने घेऊ नये. चौघींनी मिळून घ्यावं आणि वाटून घ्यावं.

पाककृतीत एक लिहिलंय आणि हातात दुसरं आहे, असं नेहमी होतं. त्यासाठी हिशेब लक्षात ठेवा. दहा ग्रॅम ओल्या यीस्टचं काम चार ग्रॅम दाणेदार कोरडं किंवा साधारण सव्वातीन ग्रॅम इन्स्टंट यीस्ट करतं. अर्धा किलो पिठाला तासा-दीड तासात फुगवायचं तर १५ ग्रॅम ओलं, ६ ग्रॅम दाणेदार किंवा ५ ग्रॅम इन्स्टंट पुरतं. ५ ग्रॅम म्हणजे चहाचा सपाट चमचा दीड ते पावणेदोन.

चौथा प्रकार विकत मिळत नाही, तो घरचा. शहरात त्याला ‘सावरडो’ म्हणतात. आपण त्याला सरळ आंबवण म्हणू. काचेच्या बरणीत पन्नास ग्रॅम चक्कीची कणीक आणि तितकंच पाणी कालवून झाकण सैल ठेवायचं. रोज त्यातलं निम्मं काढायचं आणि उरलेल्यात पुन्हा थोडी कणीक, थोडं पाणी घालायचं. दुसऱ्या दिवशीच भरपूर बुडबुडे येतात आणि आपण खूश होतो. ते बहुतेक जीवाणूंचे असतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सगळं थंड पडतं. पुष्कळजणी इथे बरणी फेकून देतात. थांबा, खायला घालत राहा. पाच ते सात दिवसांत, उन्हाळ्यात थोडं आधीच, खऱ्या यीस्टचा जम बसतो आणि घातल्यानंतर चार-सहा तासांत आंबवण दुप्पट होऊ लागतं. वास आंबट पण स्वच्छ हवा. गुलाबी किंवा केशरी झाक, केसाळ बुरशी दिसली तर मात्र सगळं टाका. आणि सुरुवातीचे दिवस सोडले तर रोज काढलेलं निम्मं वाया घालवू नका. धिरड्यांत, थालीपिठात ते छान लागतं.

अर्धा किलो पिठाला असं शंभर-सव्वाशे ग्रॅम फुगलेलं आंबवण, दीड चमचा मीठ आणि मावेल तेवढं पाणी. निम्मी कणीक, निम्मा मैदा घेतला तर हलका होतो. नाचणीचं पीठ घालायचं तर चौथ्या हिश्श्यापर्यंतच. नाचणीत गव्हासारखं लवचिक ग्लुटेन नसतं, ती वायू धरून ठेवू शकत नाही. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत किंवा रिंग आणि शिट्टी काढलेल्या कुकरमध्ये तळाला मिठाचा थर देऊन, वर जाळी ठेवून, मंद आचेवर भाजता येतो. वरून ओव्हनसारखा लालसर होत नाही, पण आतून नीट भाजला जातो.

आता मुद्द्याचं. यीस्ट कुठलंही घ्या, खरा फरक पडतो तो वेळाने. इंग्लंडमध्ये १९६१ साली चॉर्लीवूड इथे पाव झटपट करण्याची पद्धत निघाली. यीस्ट जास्त, पीठ यंत्रावर जोरात मळायचं, वर सुधारकं घालायची, की तासन्‌तास थांबायला नको. जगभरच्या कारखान्यांनी हा घाईचा मार्ग धरला. आपल्याकडे २०१६ च्या मे महिन्यात ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट’ने दिल्लीतल्या पाव-ब्रेडचे ३८ नमुने तपासले, तेव्हा त्यांतल्या ८४ टक्क्यांत पोटॅशियम ब्रोमेट किंवा आयोडेट आढळलं. कणीक लवकर तयार व्हावी, पाव मोठा दिसावा म्हणून ही द्रव्यं घालत. लगेच जून महिन्यात सरकारने ब्रोमेटवर बंदी घातली. म्हणजे संशय घ्यायचा तर या घाईचा घ्या.

घरी आपल्याला घाई नाही. अर्धा किलो पिठाला इन्स्टंट यीस्ट पाव चमच्याहूनही थोडं कमी घाला (पावाला पाव चमचा, असं लक्षात ठेवायला सोपं), साधं पाणी वापरा आणि रात्रभर झाकून ठेवा. मे महिन्यात आणखी कमी घाला. सकाळी पीठ तयार. यीस्ट वाचतं, चव वाढते, पाव जास्त दिवस मऊ राहतो. आणखी एक फायदा आहे. अख्ख्या गव्हाच्या, नाचणीच्या कोंड्यात फायटेट असतं. ते लोह आणि जस्त धरून ठेवतं, अंगाला लागू देत नाही. पीठ सावकाश आंबट होतं तेव्हा ते फायटेट बरंचसं मोडतं. आंबवणाच्या पावात हे सगळ्यात चांगलं होतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं दिसलं. पावाने रक्त वाढतं असं मी मुळीच म्हणत नाही. गोळ्या, पालेभाज्या, कडधान्यं हवीतच. पण रोजचं पीठ आंबवून खाल्लं तर त्यातलं लोह थोडं अधिक पदरात पडतं. आपल्या आज्या नाचणीची आंबील करत, त्यात हे शहाणपण होतं.

इथे एक सावधगिरीचा शब्द. ‘घरचं ते उत्तम’ असं म्हणत म्हणत आपल्याकडे प्रत्येक नवं काम बाईच्या डोक्यावर येऊन बसतं. आंबवणाच्या बरणीला रोज खायला घालायचं, तेही काम आहे. पहाटे पाणी भरणारी, भात लावणारी, गुरं बघणारी बाई आणखी एक बरणी कशासाठी सांभाळेल? तिने खुशाल पाकिटातलं यीस्ट वापरावं. त्यात कमीपणा नाही, आळशीपणा तर नाहीच नाही. रात्रभर आंबायला ठेवलेलं पीठ आपण झोपलेलो असताना काम करतं, हे काय कमी आहे? जिला आवड आहे, सवड आहे, तिने आंबवण जपावं. पण घरातल्या माणसांनी ‘तू का नाही करत?’ म्हणू नये. बरणीला खायला घालणं पुरुषांनाही जमतं, मुलांना तर फार आवडतं.

बचत गटातल्या बहिणींना मात्र मी वेगळं सांगेन. मुंबई-पुण्यात हाच आंबवणाचा पाव दोनशे-तीनशे रुपयांना विकला जातो. घेणारे कौतुकाने घेतात. कोणीतरी चोवीस तास थांबून ही वस्तू केली, या मेहनतीचे ते पैसे देतात. आपल्या आंबोळीलाही तेवढाच वेळ लागतो, पण तिचे कोणी कधी पैसे मोजले नाहीत, कारण ती घरची. कौशल्य तेच, हात तेच. फरक एवढाच की त्यांनी वेळेची किंमत लावली आणि आपण लावत नाही. गडाखाली पावाचा उद्योग करायचा तर पहिल्या दिवसापासून हिशेबाच्या वहीत पीठ, गॅस, यीस्ट यांच्या खाली आपल्या तासांची ओळ लिहा. ती ओळ न लिहिता केलेल्या धंद्यात नफा नेहमीच दिसतो आणि कधीच मिळत नाही.

सुरुवात इन्स्टंट यीस्टनेच करा. त्यात रोजचा पाव रोज सारखा होतो आणि गिऱ्हाइकाला तेच हवं असतं. यीस्टचं पाकीट उघडल्याची तारीख बरणीवर लिहा. अन्नसुरक्षेची नोंदणी करून घ्या, छोट्या उद्योगालाही ती लागते. आधी वीस पाव करा, विकले गेले तर चाळीस. हात बसला की आठवड्यातून एकदा, शनिवार-रविवारच्या गर्दीला, नाचणी घातलेला आंबवणाचा पाव करून बघा. ‘रायगडच्या पायथ्याची नाचणी’ हे सांगायला विसरू नका आणि भाव सांगताना आवाज खाली आणू नका.

ज्यांना विकायचं नाही, फक्त घरच्यांसाठी करायचं आहे, त्यांनी येत्या रविवारच्या आदल्या रात्री अर्धा किलो पीठ मळून ठेवावं. पाव पहिल्यांदा थोडा बसका झाला तरी मिसळीच्या रश्शात तो तितकाच चांगला बुडतो!